ताडपत्रीखालची पद्मिनी

वाचकहो, आज मी आपल्याला माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकिकत सांगणार आहे. जनरल प्रॅक्टिसमध्ये अनेक वर्षे काढल्यानंतर डॉक्टरला एक सवय जडते. समोरचा रुग्ण साठी-सत्तरी ओलांडलेला असला आणि सोबत चिंतातुर मुलगा किंवा सून बसलेली असली, की तोंडातून आपोआप निघते, "आता हे सगळे बंद करा आणि विश्रांती घ्या." हे वाक्य ऐकून नातेवाइकांचे समाधान होते आणि डॉक्टरचाही वेळ वाचतो. रुग्ण मात्र काही बोलत नाही.

साताऱ्यातील माझ्या एका जुन्या रुग्णाला मी नेमके हेच सांगितले होते. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ तेव्हा ७१ वर्षांचे होते. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवून तीन आठवडे झाले होते. त्यांच्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी होती. बरीच वर्षे ती गॅरेजमध्ये गंजत पडली होती; निवृत्तीनंतर त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतला होता. "बाबा अजूनही गाडीखाली शिरतात, डॉक्टर. तुम्हीच सांगा त्यांना," असे मुलगा म्हणाला आणि मी सांगून टाकले. विश्रांती किती दिवस घ्यायची, हे मी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. मुलाने त्याच संध्याकाळी गाडीवर ताडपत्री बांधली आणि गॅरेजची किल्ली आपल्या कपाटात ठेवली.

सहा महिन्यांनी काकू एकट्याच आल्या. काकांचे जेवण निम्म्यावर आले होते. दुपारी झोपत आणि रात्री जागत. रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेत, कधी नाही. "ते भांडत नाहीत हो, म्हणून जास्त काळजी वाटते," असे त्या म्हणाल्या. तपासले तेव्हा वजन ५ किलोने घटलेले होते, मांडीचे स्नायू उतरले होते आणि खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता. सहा महिन्यांपूर्वी हाच मनुष्य गाडीखालून सरपटत बाहेर येत असे. हृदयाला जपण्याच्या नादात मी बाकीचा माणूस खाली बसवला होता.

हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून, आवश्यक तपासण्या करून आम्ही ताडपत्री उतरवली. नैराश्याची लक्षणेही स्पष्ट होती, त्यांवर उपचार सुरू केले. छंद हे औषधाचे काम करतो, असा माझा दावा नाही. मात्र औषध घेण्याची इच्छा पुष्कळदा त्यातून येते, हे मी पाहिले आहे.

आता या गाडीविषयी थोडे. आपल्यापैकी कित्येकांनी तिच्या मागच्या आसनावर चौघांच्या जागी सहा जण बसून लग्नांना प्रवास केला असेल. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, मूळ इटालियन फियाट ११०० च्या घडणीची ही गाडी. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली आणि १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही निवृत्त झाली. संगणकाचा तिच्यात लवलेश नसल्याने कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर हे सारे हाताने उघडून, पुसून, पुन्हा बसवता येते. ज्येष्ठांच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. बोटांना, डोळ्यांना आणि स्मरणशक्तीला एकाच वेळी काम मिळते, आणि सुटा भाग शोधायला जुन्या बाजारात हिंडावे लागते, म्हणजे चार माणसांशी बोलणे होते.

परंतु याच गॅरेजात जानेवारीतील एका सकाळी जे घडले, ते नीट वाचावे, ही विनंती.

थंडी होती म्हणून काकांनी शटर अर्धे ओढून घेतले होते आणि इंजिन सुरू ठेवून ते कार्बोरेटर जुळवत होते. अर्ध्या तासाने त्यांचे डोके जड झाले, मळमळू लागले. ते आत जाऊन पडले. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक खिडकी आहे. थोड्या वेळाने काकूंचेही डोके दुखू लागले. त्यांनी मला फोन केला. करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र घरात होते. "ऑक्सिजन दोघांचाही ९८ आहे, मग काळजी नाही ना?" असे त्यांनी विचारले.

काळजी होती. एकाच घरातील दोन माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, की प्रथम हवेचा संशय घ्यावा. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त वाहते पण प्राणवायू पोहोचत नाही. आणि घरातील साधे ऑक्सिमीटर या विषारी जोडणीलाही ऑक्सिजनच समजते! म्हणून आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. मी त्यांना दारे-खिडक्या उघडून ताबडतोब अंगणात यायला सांगितले आणि दोघांनाही रुग्णालयात पाठवले. रक्ताच्या तपासणीत वायू आढळला. मुखवट्यातून काही तास ऑक्सिजन दिल्यावर दोघांनाही उतार पडला. ज्याच्या हृदयाला आधीच रक्त कमी पडते त्याला हा वायू अधिक घातक, हे वेगळे सांगायला नको.

संध्याकाळी मुलगा दवाखान्यात आला. गाडी विकण्याचे त्याने ठरवले होते आणि माझ्याकडून तेच पूर्वीचे वाक्य त्याला पुन्हा हवे होते. त्याचा राग रास्त होता. मीही क्षणभर डगमगलो. पण चूक गाडीची नव्हती, बंद शटरची होती. अखेर असे ठरले, की इंजिन सुरू करायचे ते गाडी पूर्ण बाहेर, अंगणात आणल्यावरच. आणि ती बाहेर ढकलायची शेजारच्या मुलांनी, काकांनी नव्हे. बंद पडलेली गाडी ढकलणे हा श्वास रोखून एकदम जोर लावण्याचा प्रकार आहे. त्याने रक्तदाब झटक्यात चढतो. स्टेंट असलेल्या माणसाने तो मोह टाळावा. गाडीखाली जाणेही थांबले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तरुणानेही शिरू नये, खाली भक्कम लोखंडी घोडी हवीच. काकांच्या बाबतीत खालचे काम मेकॅनिक करतो आणि काका खुर्चीवर बसून त्याला सूचना देतात. मेकॅनिकचे याबाबत काय मत आहे, ते मी विचारलेले नाही.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्या घेणाऱ्याला पत्र्याने कापले तर स्वच्छ कापडाने सलग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावे. दर मिनिटाला उचलून पाहू नये. डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, ते कापण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते, हे गंजलेल्या पत्र्याशी खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

काकूंचा छंद निराळा आहे आणि तो या प्रकरणातूनच जन्मला. सुटे भाग मिळवण्यासाठी काका त्यांच्याकडून मोबाइलवर छायाचित्रे काढून घेत. त्यांचा हात बसला आणि त्या परसातील फुलचुकीची, खंड्याची छायाचित्रे काढू लागल्या. पुढे मुलाने जुना कॅमेरा दिला. साताऱ्याला कास पठार जवळच. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत त्याचा समावेश आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथे सीतेची आसवे, तेरडा फुलतो, आणि किडे खाणारी इवलीशी दवबिंदू ही वनस्पतीही आढळते. पण ही फुले बोटभर उंचीची आणि काकूंचे गुडघे झिजलेले! शिवाय वाकून बसायला जावे तर फुलांवर पाय पडायचा.

त्यावर साधा उपाय निघाला. ज्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा वर वळवता येतो, तो दांडीला लावून उभ्यानेच खाली धरता येतो. वाट सोडावी लागत नाही आणि गुडघेही वाकत नाहीत. दुसरी गोष्ट चष्म्याची. जवळचे-लांबचे एकत्र असलेला चष्मा लावून खडकाळ जमिनीवर चालताना पायाखालचे भिंगाच्या खालच्या भागातून, म्हणजे वाचनाच्या नंबरातून दिसते, आणि धूसर दिसते. अनेक ज्येष्ठ पायऱ्यांवर अडखळतात त्याचे हे एक कारण आहे. चालण्यासाठी केवळ लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. कॅमेऱ्याच्या डोळ्याशेजारी बहुधा एक लहानसे चाक असते, ते फिरवून आपल्या नंबराप्रमाणे जुळवले तर चष्म्याशिवायही चित्र स्पष्ट दिसते. कित्येकांना ते ठाऊकच नसते आणि ते कॅमेऱ्याला दोष देत बसतात.

पक्षी टिपायचे तर मान वर करून फार वेळ उभे राहू नये. मानेच्या मणक्यांची झीज असेल तर चक्कर येते. घडीची खुर्ची न्यावी, बसून वाट पाहावी. पक्षीही बसलेल्या माणसाला कमी बिचकतात. डॉ. सलीम अलींनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले ते १९८५ मध्ये, वयाच्या नव्वदीला टेकताना. तेव्हा या छंदात वयाची अट नाही, हे मान्य व्हावे.

गेल्या डिसेंबरात दोघांनी बामणोलीला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, एक रात्र तंबूत काढण्याचा बेत केला. मुलगा आणि सून सोबत जाणार होते. सूनबाई यादी घेऊन माझ्याकडे आल्या. मी यादी बाजूला ठेवली आणि सांगितले, की आधी तीन रात्री घरात जमिनीवर गादी घालून दोघांना झोपवा. पहाटे उठता येते का, ते पाहा. काकूंना आले नाही. म्हणून त्यांच्यासाठी घडीची खाट नेली गेली. हा प्रयोग घरी केला नसता, तर रात्री दोन वाजता अंधारात तो झाला असता.

उतारवयात रात्री लघवीसाठी एक-दोनदा उठावेच लागते. तंबूबाहेर ताणलेल्या दोऱ्या हा तेव्हाचा खरा शत्रू. त्यांना पांढरी फडकी बांधावीत आणि विजेरी उशाशी ठेवावी. अंथरुणातून एकदम उठू नये. बसावे, पाय हलवावेत, मिनिटभराने उभे राहावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताच अंधारी येते, ती यानेच टळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, तसेच बर्फाला थेट टेकवूही नये. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्यावी, कारण सहलीत चालणे वाढते, जेवण लांबते आणि साखर उतरते.

सापांची भीती सर्वांनाच असते. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांचे महत्त्व. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव स्थिर ठेवावा, १०८ ला फोन करावा आणि प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे. मण्यारीच्या दंशाची खूण वा वेदना नसूही शकते. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर वाट पाहत बसू नये.

आणि शेगडी तंबूत न्यायची नाही, कितीही थंडी वाजली तरी. धगधगत्या कोळशातूनही तोच वायू निघतो. हे मात्र मला सांगावे लागले नाही. तंबू लावणाऱ्या मुलाने आपुलकीने शेगडी आत आणून ठेवली, तेव्हा काकूंनीच ती उचलून बाहेर ठेवायला लावली आणि त्याला पंधरा मिनिटे समजावून सांगितले, असे सूनबाई म्हणाल्या.

परवा काका तपासणीसाठी आले. रक्तदाब १३४/८० होता. खुर्चीतून हात न टेकता उठले. नखांत ग्रीस होते, त्याबद्दल मी काही बोललो नाही. गाडी अजून सुरळीत चालत नाही. चौथ्या गिअरला धक्के देते. काकांचा संशय पॉइंटवर आहे, मेकॅनिकचा कार्बोरेटरवर. गाडी चालवण्याचा परवाना पुढच्या वर्षी नव्याने करायचा आहे, तेव्हा दृष्टी आणि प्रतिक्रियेचा वेग तपासून मी जे सांगेन ते मान्य करू, असे त्यांनी कबूल केले आहे. मुलगाही सोबत होता. निघताना त्याने विचारले, "डॉक्टर, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण कुठे मिळेल, तुम्हाला कुणी माहीत आहे का?"