पुळणीवरची वाडी : रेताड जमिनीत बाग कशी राखावी

अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीत फावडे मारले, की बहुतेक ठिकाणी हाताला वाळू लागते. राजोडी, कळंब, रानगाव, भुईगाव या गावांत तर समुद्राची पुळण काही घरांच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचलेली आहे. असे असूनही याच पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला केळी, विड्याची पाने, भाजीपाला, मोगरा आणि सोनचाफा पुरविला. राजेळी केळ्यांची सुकेळी येथल्याच उन्हात वाळली. वाळूत काही पिकत नाही, हा समज आपल्या पूर्वजांनी केव्हाच खोटा ठरविला आहे.

आज अनेक कुटुंबांची वाडी घरामागच्या एक-दोन गुंठ्यांवर येऊन ठेपली आहे. त्या तुकड्यात चार भाज्या, दोन फुलझाडे लावण्याची हौस मात्र टिकून आहे, ही आनंदाची गोष्ट. अडचण अशी होते की, बागकामाची बहुतेक पुस्तके देशावरची काळी माती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, लागवडीच्या वेळी एकदम खत, हे त्यांचे वेळापत्रक वाळूला लागू पडत नाही. रोपे कोमेजतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

प्रथम आपली जमीन किती रेताड आहे हे पाहावे. काचेच्या उभ्या बाटलीत एक तृतीयांश माती घ्यावी, वर पाणी भरून खूप हलवावे आणि बाटली स्थिर ठेवावी. वाळू एका-दोन मिनिटांत तळाशी बसते, पोयटा काही तासांनी आणि चिकणमाती एक-दोन दिवसांनी. थरांच्या जाडीवरून प्रमाण लगेच कळते. याहूनही सोपी परीक्षा म्हणजे ओल्या मातीचा लाडू वळणे. तो वळताच येत नसेल, तर आपली जमीन निव्वळ वाळूच समजावी.

वाळूचा कण चिकणमातीच्या कणापेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो. मातीविज्ञानात ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाच्या कणांना वाळू म्हणतात, तर चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. कण मोठे म्हणून मधल्या पोकळ्या मोठ्या, आणि पोकळ्या मोठ्या म्हणून पाणी थांबत नाही. शिवाय चिकणमातीच्या कणांवर विद्युतभार असतो, त्यामुळे पोटॅश, चुना, अमोनिया ही पोषणद्रव्ये तिला चिकटून राहतात. वाळूजवळ तो गुण जवळजवळ नाही. ती पाण्याबरोबर खतही खाली सोडून देते. वाळूवर घर बांधणाऱ्याला शुभवर्तमानाने मूर्ख म्हटले आहे. बाग करणाऱ्याला तसे म्हटलेले नाही, पण त्यालाही हा हिशोब चुकवून चालणार नाही.

हिशोब आकड्यांतच मांडू या. एक चौरस मीटर वाफ्यावर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भाजीची बहुतेक मुळे वरच्या एका फुटात असतात. तेवढ्या थरात रेताड जमीन रोपाला उपयोगी पडेल असे साधारण २० ते २५ लिटर पाणी धरते. भारी जमीन त्याच्या दुप्पट किंवा थोडे अधिक. एप्रिल-मे महिन्यांत भरात आलेली भाजी दिवसाला ५ ते ६ लिटर पाणी खर्च करते. साठा निम्म्यावर आला की पाणी द्यावे, हा सर्वमान्य नियम धरला, तर रेताड वाफ्याला दर दोन दिवसांनी १० ते १२ लिटर पुरतात. एकाच वेळी ५० लिटर ओतले, तर निम्म्याहून अधिक पाणी मुळांच्या खाली निघून जाते आणि जाताना खतही घेऊन जाते. वाळूत थोडे आणि वारंवार, हीच रीत. ठिबक सिंचन असेल, तर तोट्या एका फुटाच्या अंतरावर हव्यात, कारण वाळूत पाणी बाजूला फारसे पसरत नाही, सरळ खाली जाते. वाफेही उन्हाळ्यात उंच करू नयेत. उलट जमिनीपेक्षा बोट-दोन बोटे खोलगट ठेवावेत. पावसाळ्यात मात्र उंचवटा हवा.

एक विचित्र गोष्ट अनेकांच्या लक्षात आली असेल. पूर्ण सुकलेल्या वाळूवर पाणी टाकले, तर कधी कधी ते मोत्यांसारखे वरच घरंगळते आणि खाली माती कोरडीच राहते. पालापाचोळा कुजताना निघालेल्या मेणासारख्या पदार्थांचा लेप कणांवर बसल्याने असे घडते. अशा वेळी आधी झारीने हलकेसे शिंपण करावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग उरलेले पाणी द्यावे.

आता मुख्य उपाय. वाळूला धारणशक्ती देणारे पदार्थ दोनच : कुजलेला सेंद्रिय भाग आणि बारीक माती.

शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचे खत, जे मिळेल ते घालावे. पण एकदाच ट्रकभर घालून निश्चिंत होऊ नये. आपल्या उष्ण हवेत, आणि वाळूतून खेळणाऱ्या मुबलक हवेत, सेंद्रिय पदार्थ फार लवकर जळून जातो. भारी जमिनीत दोन-तीन वर्षे दिसणारा गुण येथे एका पावसाळ्यानंतर ओसरतो. म्हणून दर हंगामात थोडे खत, आणि जूनमध्ये रिकाम्या वाफ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास मातीत गाडणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो. वाफ्यावर वाळलेल्या पानांचे चार बोटे आच्छादन कायम असावे. अंगणातला पाला जाळण्याची सवय या दृष्टीने मोठी उधळपट्टी आहे. ज्याच्या दारात वाळू आहे, त्याने तरी पाला पेटवू नये.

बारीक मातीचे स्थान आपल्याकडे पूर्वी बावखलाच्या गाळाला होते. वाडीत खणलेली ही खोल तळी पावसाचे पाणी साठवीत, ते हळूहळू जमिनीत मुरवीत. उन्हाळ्यात ती आटली, की तळाचा काळा गाळ वाडीत पसरता येई. त्या गाळात चिकणमातीही असते आणि कुजलेला पालाही, म्हणजे वाळूला उणे असलेल्या दोन्ही गोष्टी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; त्यावर एक इंचाचा थर द्यायचा, तर सुमारे ९१ घनफूट गाळ, म्हणजे एका ब्रासपेक्षा थोडा कमी लागतो. तो सुकवून, ढेकळे फोडून, वरच्या सहा इंच वाळूत मिसळावा. नुसता वर पसरून ठेवल्यास त्याची पापडी धरते. गाळ ज्या जागेचा आहे तेथे खारे पाणी शिरत नाही ना, याची खात्री आधी करून घ्यावी.

नारळाचे सोडण हेही किनाऱ्याचे स्वतःचे धन आहे. ते आपल्या वजनाच्या काही पट पाणी शोषून ठेवते. कासरगोड येथील केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्था माडाभोवतीच्या चरात सोडणे खोलगट बाजू वर ठेवून थरांनी पुरण्याची शिफारस करते, आणि त्याचा गुण पाच-सात वर्षे टिकतो. केळीच्या किंवा चिकूच्या आळ्यातही हा प्रयोग करण्यासारखा आहे. बाजारातला काथ्याचा भुसा आणला, तर मात्र तो दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात धुऊन घ्यावा. अनेक ठिकाणी सोडणे खाडीच्या पाण्यात मुरवून काथ्या काढतात आणि ते मीठ भुशात राहते.

रासायनिक खत वापरणाऱ्यांनी पाण्याचाच नियम खताला लावावा. युरियाचा एक हप्ता भारी जमिनीत निभावतो. वाळूत त्याच मात्रेचे चार-पाच भाग करावेत आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर काहीच देऊ नये. वाळूतून नत्राप्रमाणे पोटॅशही वाहून जाते. केळी आणि माड यांना पोटॅशची भूक मोठी असल्याने त्यांच्या पानांच्या कडा करपताना सर्वप्रथम दिसतात. चुलीतील राख हा त्यावरचा जुना उपाय. पण येथे थोडा विवेक हवा. पुळणीत शंख-शिंपल्यांचा चुरा असेल, तर तिच्यात आधीच चुना भरपूर असतो. चमचाभर मातीवर लिंबू पिळून फेस आला, तर राख आणि चुना दोन्ही टाळावेत. अशा जमिनीत शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे अशी कोवळी पाने दिसतात. ती लोहाची उणीव असते आणि युरिया वाढवून ती हटत नाही.

वाळूचा एक छुपा शत्रूही आहे : मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. मोकळ्या, हवेशीर जमिनीत त्यांचा संचार सुलभ होतो. पाणी, खत सारे देऊनही भेंडी, टोमॅटो, वांगी दुपारी माना टाकू लागली, तर एक रोप उपटून पाहावे. मुळेच जागोजागी फुगलेली असतील, तर सूत्रकृमी समजावेत. चवळी-घेवड्याच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बाहेरून चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी दिसतात; त्या उपकारक जिवाणूंच्या होत. सूत्रकृमींवर निंबोळी पेंड आणि त्या वाफ्यात एक हंगाम दाट झेंडू, हा स्वस्त आणि खात्रीचा तोडगा आहे. झेंडूला घरात मागणीही असतेच.

पिकांची निवड फार कठीण नाही. मुळा, गाजर, रताळी, भुईमूग यांना वाळूत मुळे सरळ सोडता येतात. कलिंगड, काकडी, चवळी, माठ, शेवगा, माड, चिकू हेही खूश असतात. कोबी-फ्लॉवर होतात, पण खत फार खातात.

हे सारे ज्याच्या जोरावर चालते, ते वाळूखालचे गोडे पाणी. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचे पाणी मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते थोडे हलके असते. घायबेन हा डच आणि हर्झबर्ग हा जर्मन अभियंता, या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्वतंत्रपणे याचा हिशोब मांडला : समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी फूट, त्याच्या सुमारे चाळीस पट गोडे पाणी खाली असते. याची दुसरी बाजू भीतिदायक आहे. उपसा करून पातळी कायमची एक फूट उतरवली, तर कालांतराने खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकते. रहाट जाऊन विजेचे पंप आले, विहिरींचे पाणी टँकरने विकले गेले आणि त्याच काळात बावखले भरून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे काढणे वाढले आणि मुरणे घटले. माझ्या मते, उरलेले प्रत्येक बावखल वाचविणे हे आपल्या परसबागेच्या खतपाण्याइतकेच निकडीचे काम आहे. कूपनलिका खोल नेऊन प्रश्न सुटत नाही. किनाऱ्याजवळ ती खाऱ्या पाण्याच्या अधिक जवळ जाते.

आपल्या विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. अहवालात विद्युतवाहकतेचा आकडा डेसिसीमेन्समध्ये असतो. तो ०.७ ते ०.८ च्या पुढे गेला, की घेवडा, गाजर आणि कांदा यांचे उत्पन्न घटू लागते. टोमॅटो साधारण १.७ पर्यंत आणि बीट २.७ पर्यंत तग धरतो. माड त्याहूनही सहनशील. गाजर-मुळा वाळूला मानवतात, पण मिठाला भितात. म्हणून त्यांची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विहीर भरलेली आणि पाणी गोड असताना करावी, आणि एप्रिलपासून वाफे बीट किंवा आच्छादनाखाली विश्रांतीला सोडावेत.