अंकीय इनपुटमधील चुकीच्या नोंदी : अध्यापनाच्या दृष्टीने विचार

पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात बोरगाव आहे. संत्रा व कापूस ही या परिसरातील परिचित पिके होत. येथील वर्गात संत्र्याच्या वजनावरून रक्कम काढणारा छोटा प्रोग्राम सी प्लस प्लस भाषेत लिहून घेतला, असे समजू. (उदाहरणांतील अंक इंग्रजी कळांनी टाइप केले आहेत, असे धरावे.) वापरणाऱ्याने १२५० लिहिले तर उत्तर बरोबर येते. त्याने अक्षरांत 'वीस' लिहिले, की तोच प्रश्न पडद्यावर अखंड धावू लागतो. विद्यार्थ्यांना वाटते, संगणक बिघडला.

वस्तुतः 'सिन'ला अंक न सापडल्याने त्याने अपयशाची खूण लावलेली असते. ती अक्षरे मात्र बफरमध्ये तशीच पडून राहतात. लूपच्या प्रत्येक फेरीत वाचन पुन्हा फसते. यावर उपाय दोन पायऱ्यांचा आहे : 'क्लीअर'ने खूण पुसावी, नंतर 'इग्नोर'ने ओळीच्या अखेरपर्यंतची अक्षरे टाकून द्यावीत. हा क्रम उलटला तर उपयोग होत नाही, कारण अपयशाची खूण कायम असताना 'इग्नोर' काहीच काढत नाही. इनपुटच संपले असेल तर मात्र लूपमधून बाहेर पडावे.

अखंड लूप निदान डोळ्यांना दिसतो. खरा धोका निमूटपणे स्वीकारल्या गेलेल्या चुकीच्या आकड्यात आहे. व्यापारी सवयीने १,२५० असे लिहितो. पूर्णांक वाचणारा 'सिन' स्वल्पविरामापाशी थांबतो, वजन १ किलो धरतो आणि कोणतीही तक्रार करत नाही. साडेवीस किलोसाठी २०.५ लिहिल्यास २० घेतले जातात व '.५' हा भाग पुढील प्रश्नाच्या वाट्याला जातो. शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम अशाच आकड्यांवरून ठरते. म्हणून 'गेटलाइन'ने संपूर्ण ओळ वाचून मग तिचे संख्येत रूपांतर करणे अधिक सुरक्षित. रूपांतरानंतर ओळीत काही उरले आहे का, हे पाहावे. वजन शून्याहून अधिक आहे का, तेही तपासावे.

मराठी वा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर आणखी एक प्रश्न येतो. देवनागरी अंक सी प्लस प्लसच्या नेहमीच्या वाचनात अंक म्हणून ओळखले जात नाहीत. पायथनमधील 'इंट' मात्र देवनागरी आणि उर्दू, दोन्ही अंक स्वीकारते. स्वल्पविराम असलेली संख्या ते नाकारते. दोन्ही भाषांत हाच प्रयोग करून दाखवल्यास 'चुकीची नोंद' ही बाब भाषेगणिक बदलते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

प्रात्यक्षिक परीक्षेत बहुधा योग्य इनपुट देऊनच प्रोग्राम तपासला जातो. ही पद्धत अपुरी आहे. रिकामी ओळ, 'वीस', उणे संख्या, स्वल्पविराम आणि देवनागरी अंक अशा पाच नोंदी प्रत्येक प्रोग्रामला द्याव्यात. संदेशही उपयोगी असावा. नुसते 'चूक' असे छापण्याऐवजी 'फक्त अंक लिहा, स्वल्पविराम देऊ नका' असे छापले, तर वापरणाऱ्याला काय करायचे ते कळते.