स्पीकरचा माइक आणि ऑप-अँपचं गणित

स्पीकर आणि डायनॅमिक माइक यांची रचना मुळात एकच: पडदा, त्याला चिकटलेली कॉइल आणि चुंबक. कॉइलला करंट दिला की पडदा हलतो. उलट आवाजाने पडदा हलला की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं (फॅरडेचा नियम). जुन्या इंटरकॉममध्ये बोलायला आणि ऐकायला एकच स्पीकर असायचा, तो याच जोरावर.

अडचण अशी की साध्या बोलण्याने 8 ओहमच्या स्पीकरमधून जेमतेम मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. म्हणून समजा आपल्याला 1000 पट गेन हवा. 741 चा गेन-बँडविड्थ गुणाकार साधारण 1 मेगाहर्ट्झ. म्हणजे एकाच टप्प्यात 1000 पट घेतले, तर बँडविड्थ उरते फक्त 1 किलोहर्ट्झ! त्यापेक्षा 34 पटींचे दोन टप्पे घ्या: गेन 1156 आणि बँडविड्थ सुमारे 19 किलोहर्ट्झ. मध्ये कपॅसिटर हवाच, नाहीतर पहिल्या टप्प्याचा डीसी ऑफसेटही 34 पट होईल.

आता नॉइज. रेझिस्टरचा थर्मल नॉइज त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. इनव्हर्टिंग सर्किटमध्ये इनपुटला सवयीने 10 किलो-ओहम लावला, तर त्याचा नॉइज 8 ओहमच्या कॉइलच्या 35 पट. नॉन-इनव्हर्टिंग जोडणीत 100 ओहम आणि 3.3 किलो-ओहम वापरले, की हाच आकडा बराच खाली येतो.

पहिल्या टप्प्यात मिसळलेला नॉइज पुढचा गेन सिग्नलइतकाच वाढवतो. त्यामुळे कुठलाही सेन्सर असो, गेन ठरवण्याआधी त्याच्या नॉइजचं गणित कागदावर मांडा.