मिस्सेला जाताना घराची राखण

भाताची मळणी आटोपते, चार पैसे घरात येतात आणि लगेच नाताळ येतो. मध्यरात्रीच्या मिस्सेला सारे घर चर्चमध्ये जाते. ही वेळ जशी आपल्याला ठाऊक, तशी चोरालाही. म्हणून तजवीज आधीच करावी, असे आम्ही सुचवतो.

कुलूप जाड असून भागत नाही. कोयंडा बारीक स्क्रूंवर बसवलेला असेल तर पहारीच्या एका हिसक्यात निघतो. तो फळीच्या आरपार बोल्टने बसवून नट आतून आवळावा. मागील दाराला आतून अडसर घालावा. शिडी, पहार, कोयते अंगणात टाकू नयेत. आपल्याच शिडीने चढून चोर कौले काढतो. किल्ली कुंडीखाली ठेवू नये.

भाताचे पैसे बँकेत ठेवावेत. प्रत्येक ठेवीदाराच्या एका बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. पेटीतल्या पैशांना ते नाही. दागिन्यांच्या पावत्या व फोटो जपावेत.

खरी राखण शेजाऱ्याची. दोन घरांनी मिळून एक माणूस रात्री मागे ठेवावा. त्याने सकाळच्या मिस्सेला जावे. हिंदू शेजाऱ्यालाही सांगून जावे आणि त्याच्या जत्रेच्या दिवशी आपण त्याचे घर सांभाळावे.

तरीही चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता ११२ वर कळवावे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

जागृतीचा बोध करताना प्रभूने चोराचाच दाखला दिला (मत्तय २४). घराच्या बाबतीतही तो विसरू नये.