ऑन-ड्रॉमध्ये एकही पिक्सेल रंगत नाही

नागपूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न असा आहे की आजचा सगळा भाग त्यालाच द्यावा.

त्यांच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची पातळी दिसते: गोल चौकट आणि आत हलणारी लाट. दर फ्रेमला ते पाथ रिकामा करतात, साइनच्या सूत्राने तीन-चारशे बिंदू काढून लाट पुन्हा जोडतात, वर्तुळाने क्लिप करतात आणि रंग भरतात. लाट अडखळते. हे सगळं जिथे लिहिलं आहे त्या ऑन-ड्रॉला लागणारा वेळ त्यांनी मोजला, तर तो जेमतेम दीड मिलिसेकंद. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. मग बाकीचा वेळ कोण खातं?

मोजमाप बरोबर आहे, जागा चुकली आहे. अँड्रॉइड ३.० पासून, म्हणजे २०११ पासून, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू असेल तर ऑन-ड्रॉमधला कॅनव्हास तुमच्या आज्ञा नुसत्या टिपून घेतो. हीच डिस्प्ले लिस्ट. २०१४ साली आलेल्या ५.० पासून ती रेंडर-थ्रेडकडे सोपवली जाते आणि खरं रंगकाम तिथून होतं. वाणसामानाची यादी दोन मिनिटांत लिहून झाली म्हणून स्वयंपाक दोन मिनिटांत होत नाही. तेव्हा घड्याळ ऑन-ड्रॉला लावू नका. परफेटोमध्ये ट्रेस घ्या आणि रेंडर-थ्रेडची ओळ बघा.

ऑन-ड्रॉमध्ये नवा पेंट, नवा पाथ बनवू नका, हा सल्ला सगळे देतात आणि तो योग्यच आहे. यांनी तो पाळलाही आहे. इथलं दुखणं वेगळं आहे. गुंतागुंतीचा पाथ जीपीयूला सहज पचत नाही. बहुतेक वेळा त्याचा एक मास्क तयार करावा लागतो आणि पाथ जरासा बदलला तरी तो मास्क नव्याने करावा लागतो. यांचा पाथ दर फ्रेमला बदलतो. त्यात वर्तुळाच्या क्लिपची भर.

पण लाटेचा आकार बदलतो कुठे? ती फक्त सरकते! पाथ एकदाच बनवा, चौकटीपेक्षा एक तरंगलांबी जास्त रुंद, आणि दर फ्रेमला कॅनव्हास ट्रान्सलेट करा. एवढ्यानेही साइनची आकडेमोड संपते आणि पाथ तोच राहतो.

मला मात्र याहून आवडणारा मार्ग बिटमॅप-शेडरचा आहे. एका तरंगलांबीची लाट एका छोट्या बिटमॅपवर एकदाच काढा. ३०० बाय १०० पिक्सेल धरले, तर चार बाइटी पिक्सेलच्या हिशोबाने फक्त १,२०,००० बाइट. त्याचा शेडर करा: आडवा रिपीट, उभा क्लॅम्प. क्लॅम्पमुळे बिटमॅपची शेवटची ओळ तळापर्यंत ओढली जाते, म्हणजे खालचं पाणी आपोआप भरतं. वरची ओळ पारदर्शक ठेवली की वरचा भाग रिकामाच राहतो. आता पेंटला हा शेडर लावून सरळ वर्तुळ काढा. क्लिपची गरजच उरली नाही आणि वर्तुळाची कडाही गुळगुळीत आली. दर फ्रेमला बदलतो तो शेडरचा लोकल मॅट्रिक्स: आडवं सरकणं म्हणजे लाट, उभं सरकणं म्हणजे पातळी. बिटमॅपची रुंदी मात्र तरंगलांबीइतकी नेमकी हवी, एका पिक्सेलची चूकसुद्धा जोडावर दिसते.

पत्रात दुसरीही तक्रार आहे: नव्या १२० हर्ट्‌झच्या फोनवर लाट दुप्पट वेगाने धावते. दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल पुढे सरकवलं की हे होणारच. सरकणं फ्रेमच्या संख्येवर नव्हे, वेळेवर बांधा. शून्य ते एक असा अखंड फिरणारा व्हॅल्यू-अ‍ॅनिमेटर लिनिअर इंटरपोलेटरसह वापरलात तर तो हे स्वतःच सांभाळतो. कोरिओग्राफरकडून फ्रेमची वेळ घेणार असाल तर एक काळजी घ्या. ती वेळ नॅनोसेकंदात, लाँगमध्ये येते आणि फ्लोटमध्ये जेमतेम सात अंक नीट मावतात. थेट फ्लोट केलीत तर फोन बराच वेळ चालू राहिल्यावर लाट हिसके देऊ लागते. आधी लाँगमध्येच सुरुवातीची वेळ वजा करा, एका फेरीच्या कालावधीने भागून बाकी घ्या आणि मगच तिचा फ्लोट करा.