यी चिंग: रेषा बदलली तर नेमकं वाचायचं काय?

आज एकच प्रश्न घेऊ. यी चिंगसाठी नाणी टाकली, हेक्साग्राम आला, पण त्यातली एखादी रेषा 'बदलणारी' निघाली. मग कौल कुठला धरायचा?

आधी यंत्रणा बघू. तीन नाणी घ्यायची. छापा म्हणजे 3, काटा म्हणजे 2, त्यामुळे बेरीज 6 ते 9 मध्येच येते. विषम आली तर यांग, अखंड रेषा. सम आली तर यिन, तुटक रेषा. सहा वेळा टाकायचं आणि रेषा खालून वर मांडायच्या. 7 आणि 8 स्थिर. 6 आणि 9 टोकाला पोचलेल्या, म्हणून उलटतात आणि दुसरा हेक्साग्राम तयार होतो. आम्हा कोडवाल्यांसाठी हे सरळ सहा बिटचं प्रकरण, 64 आकृत्या. एकही रेषा न बदलण्याची शक्यता जेमतेम 18 टक्के, त्यामुळे हा पेच टळत नाहीच.

समजा कुणी विचारलं, नोकरी सोडू का? आला अकरावा, 'ताय', म्हणजे सुखशांती. सगळ्यात वरची रेषा 6. ती उलटली की सव्विसावा, 'दा छू', मोठा साठा. तोही शुभ, त्यात तर घराबाहेर जेवणं आणि मोठी नदी ओलांडणं चांगलं मानलंय. राजीनामा टाइप करायला घ्या! पण त्या वरच्या रेषेच्या मजकुरात तट ढासळून खंदकात गेलाय आणि सैन्य वापरायला मनाई आहे.

12व्या शतकातल्या झू शी या विद्वानाने यासाठी नियम घालून दिले. एक रेषा बदलली तर तिचाच मजकूर. दोन बदलल्या तर दोन्हींचा, वरचीला वजन जास्त. तीन असतील तर दोन्ही हेक्साग्रामांचे मुख्य मजकूर. चारच्या पुढे भर दुसऱ्यावर सरकतो, पण तितकं क्वचितच होतं. म्हणजे आपल्या प्रश्नाला उत्तर ढासळलेल्या तटाचं. नियम नाणी टाकण्याआधीच ठरवा हो, नाहीतर आपण सोयीचंच वाचतो.

आणि दुसरा हेक्साग्राम म्हणजे 'भविष्य', असं सर्रास सांगतात. मला ते घाईचं वाटतं. 'झुओझुआन' या प्राचीन इतिहासग्रंथात 'गुआनचं पी' असे उल्लेख येतात. गुआन आणि पी यांच्यात फरक फक्त चौथ्या रेषेचा, म्हणून वाचली जाते गुआनची चौथी रेषा. दुसरं नाव तिथे चक्क पत्त्यासारखं वापरलंय. त्या हिशेबाने 'तायचं दा छू' म्हणजे तायची सगळ्यात वरची रेषा, एवढंच.