ऑडिओ अ‍ॅपमधलं नवीन फीचर शिकायचंय? आधी ते आवाजातून काय काढून टाकतं ते ऐका

वसमत म्हटलं की लोकांना हळद आठवते. पण आपल्या भागात गाणंही काही कमी पिकत नाही. संत नामदेवांचं नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. सप्ताह, काकडा, हरिपाठ, भारूड, लग्नातली हळदीची गाणी असं काहीतरी कुठे ना कुठे चालूच असतं, आणि प्रत्येक ठिकाणी चार-पाच मोबाइल रेकॉर्डिंगला लागलेले असतात. त्यानंतरचे प्रश्नही ठरलेले: मागचा जनरेटरचा आवाज कसा काढायचा? यूट्यूबवर आपलंच भजन एवढं हळू का वाजतं?

यावर उपाय करणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात आणि त्यांच्यात सतत नवीन फीचर येत असतात. बटण दाबायला एक सेकंद लागतो, पण ते बटण आवाजाचं नेमकं काय करतं हे कळायला थोडी पद्धत लागते. आज ती पद्धत पाहू. मुख्य उदाहरण ऑडॅसिटीचं घेतलंय, कारण ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. मोबाइलवाल्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

एवढी काळजी कशासाठी?

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यातल्या बऱ्याच ओव्या गाणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या वेबसाइटवर त्या लोकांसमोर येऊ लागल्या. पिठाची गिरणी आली तसं घरातलं जातं थांबलं आणि त्यासोबत ओवी म्हणायचं निमित्तही गेलं. अशा वेळी एखादं रेकॉर्डिंग हीच त्या आवाजाची एकमेव खूण उरते.

आता तुमच्या आजीची ओवी तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केली, मागे जातं फिरतंय. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एकसारखी चालणारी घरघर म्हणजे ‘नॉइज’. ते जातं पुसून टाकेल. पेटीचा धरलेला सूर किंवा तंबोरा यांचाही तसाच घोटाळा होऊ शकतो. नको असलेला आवाज कोणता, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

पहिलं काम: मूळ फाइल बाजूला ठेवा

नवीन फीचर कधीही मूळ फाइलवर शिकू नका. तिची कॉपी करा आणि कॉपीवर काय ते प्रयोग करा. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये सोय असेल तर फॉरमॅट ‘वेव्ह’ निवडा. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. तेच १२८ केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला १ एमबीच्या आसपास बसतं, कारण त्यातला बराच तपशील कायमचा टाकून दिलेला असतो. दोन तासांच्या कीर्तनाची वेव्ह फाइल सव्वा जीबीच्या घरात जाईल. मोनोमध्ये रेकॉर्ड केलं तर त्याच्या निम्मी.

मित्राला फाइल पाठवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग ती जशीच्या तशी जाते.

नॉइज रिडक्शन: उरलेला कचरा ऐका

हे फीचर सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि जास्त बिघडवलंही जातं. ऑडॅसिटीत ते दोन पायऱ्यांत चालतं.

१. जिथे फक्त जनरेटर किंवा पंखा ऐकू येतो, गाणं किंवा पेटी अजिबात नाही, असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडा. इफेक्ट मेनूत ‘नॉइज रिमूव्हल अँड रिपेअर’मध्ये ‘नॉइज रिडक्शन’ उघडा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. या तुकड्यात पेटीचा सूर असेल तर सॉफ्टवेअर पेटीलाही नॉइज समजेल.

२. आता स्वच्छ करायचा भाग निवडून तीच खिडकी पुन्हा उघडा. आवाज किती कमी करायचा याचा आकडा सुरुवातीला कमीच ठेवा. थेट ३० वर नेऊ नका, पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो.

खरी शिकवणी याच खिडकीत आहे. खाली ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय दिसेल. तो निवडून प्रिव्ह्यू ऐकलं की सॉफ्टवेअर जे काढून टाकणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात फक्त घूं-घूं असेल तर ठीक. पण टाळांची किणकिण, चिपळ्या किंवा शब्दांतले ‘स’, ‘श’ ऐकू आले तर तुम्ही जास्त घासताय. आकडा कमी करा आणि पुन्हा ऐका. प्रिव्ह्यू झाल्यावर पर्याय परत ‘रिड्यूस’वर आणायला विसरू नका.

कमी पट्टीची घरघर काढणाऱ्या ‘हाय-पास फिल्टर’लाही हीच कसोटी लावा. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं की माणसाच्या आवाजाला सहसा धक्का लागत नाही. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्याने बरीच दबते. पण पखवाज असेल तर सांभाळून. डाव्या पुडीला कणीक लावतात ती खोल आवाजासाठीच, आणि आकडा वर नेत गेलात तर तोच आवाज पहिल्यांदा पातळ होतो.

रिअल-टाइम इफेक्ट: चालू-बंद करत शिका

ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत इफेक्ट लावला की तो थेट आवाजात मुरायचा. पटला नाही तर अनडू. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून बरेच इफेक्ट ट्रॅकवर नुसते ‘चढवता’ येतात. ट्रॅकच्या ‘इफेक्ट्स’ बटणावरून इफेक्ट जोडा, गाणं चालू ठेवा आणि इफेक्टशेजारचं पॉवर बटण चालू-बंद करत राहा. मूळ आवाज तसाच राहतो. वर पाहिलेलं नॉइज रिडक्शन मात्र या पद्धतीने चालत नाही. आधी नमुना द्यावा लागत असल्यामुळे ते जुन्याच रीतीने लावावं लागतं.

२०२४ च्या ३.६ आवृत्तीत नवीन कंप्रेसर आणि लिमिटर आले, शिवाय सगळ्या ट्रॅकवर एकदम लागणारे मास्टर इफेक्टही आले. कंप्रेसर मोठे आवाज दाबतो, त्यामुळे मोठ्या-लहानातलं अंतर कमी होतं. लिमिटर ठरवलेल्या रेषेच्या वर आवाज जाऊ देत नाही.

कान कसा फसतो?

इथे एक सापळा आहे. तोच आवाज थोडा मोठा करून वाजवला की आपल्याला तो ‘चांगला’ वाटतो. बरेच इफेक्ट आवाज थोडा वाढवतात आणि आपण म्हणतो, वा, काय फरक पडला! म्हणून तुलना नेहमी सारख्या आवाजावर करा.

त्यासाठी एलयूएफएस हे माप आहे. माणसाच्या कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो, ते यातून कळतं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यामागची मोजणीची पद्धत प्रसिद्ध केली. ऑडॅसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उघडा. तिथे आधीच उणे २३ हा आकडा असतो, तो युरोपातल्या टीव्ही-रेडिओ प्रसारणाचा आहे. मूळ कॉपी आणि इफेक्ट लावलेली कॉपी, दोन्ही उणे २३ वर आणा. मग मित्राला न सांगता दोन्ही ऐकवा आणि कोणतं बरं वाटतं ते विचारा. त्याला फरकच कळला नाही, तर त्या इफेक्टची गरज नव्हती.

यूट्यूबसाठी मात्र उणे २३ वर थांबलात तर भजन हळूच वाजणार. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठा आवाज खाली आणतं, पण हळू आवाज आपणहून वर नेत नाही. तुमचं भजन हळू वाजतं ते यामुळेच. अ‍ॅपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ ची आहे. अंतिम फाइल उणे १४ ते १६ च्या दरम्यान ठेवा आणि लिमिटरने सर्वात उंच टोक उणे १ डीबीवर अडवा. यापेक्षा जोरात केलं तरी यूट्यूब खाली आणणारच, टाळ-पखवाजाचा ठोका तेवढा चपटा होईल.

लॅपटॉप नसेल तर

ऑडॅसिटी मोबाइलवर चालत नाही. फोनवर बँडलॅब हे मोफत अ‍ॅप वापरता येईल. त्यात मास्टरिंगसाठी ‘युनिव्हर्सल’, ‘फायर’, ‘क्लॅरिटी’, ‘टेप’ असे तयार पर्याय आहेत. एकच तीस सेकंदांचा तुकडा चारहींतून काढा आणि हेडफोन लावून ऐका. सूर दुरुस्त करणारं ‘ऑटोपिच’ अभंगावर लावताना जपून. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड त्याला चूक वाटते आणि ते तिच्या पायऱ्या करून टाकतं.

दर वेळी हा क्रम ठेवा

- अपडेट आल्यावर ‘काय नवीन’ हे पान वाचा आणि त्यातलं एकच फीचर निवडा.
- सरावासाठी कायम तोच तीस सेकंदांचा तुकडा वापरा. त्यात गाणं, टाळ आणि थोडी शांतता असावी.
- आकडा आधी टोकाला नेऊन ऐका म्हणजे फीचरचा स्वभाव कळतो. मग जिथे फरक जेमतेम जाणवेल तिथपर्यंत मागे या.
- पटलेला आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर बदलत राहील, मेनू इकडचे तिकडे होतील, पण कानाला लागलेली सवय कुठल्याही अ‍ॅपमध्ये चालेल. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एखादी ओवी किंवा अभंग म्हणायला सांगा, पंखा बंद करा आणि वेव्हमध्ये रेकॉर्ड करा. ती मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि मग कॉपीवर पाहिजे तेवढे प्रयोग करा.